‘टेस्ट’ पास होते, मग प्रोग्राम का जोडला जात नाही? क्लाउड डेटाबेस आणि ओडीबीसी ड्रायव्हर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विक्रीचा डेटा अझूर एसक्यूएलवर (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड डेटाबेसवर) हलवला. विंडोजच्या मशीनवर मायक्रोसॉफ्टचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ (प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा दुवा) टाकला, डीएसएन (‘डेटा सोर्स नेम’, म्हणजे जोडणीच्या तपशिलांना दिलेलं नाव) बनवला, ‘टेस्ट डेटा सोर्स’ दाबलं, टेस्ट पास झाली. एक्सेलही जोडला गेला. पण रिपोर्ट काढणारा जुना प्रोग्राम ‘डेटा सोर्स नेम नॉट फाउंड’ म्हणून अडून बसतो. लिनक्स सर्व्हरवर रात्री चालणारी पायथॉन स्क्रिप्ट ‘कान्ट ओपन लिब, फाइल नॉट फाउंड’ म्हणते, आणि फाइल तर तिथे डोळ्यांना दिसते आहे. ड्रायव्हर तीनदा काढून पुन्हा टाकला, तरी फरक नाही.

चौथ्यांदा टाकू नका. तुमच्या दोन्ही तक्रारींत ड्रायव्हर बिघडलेला असण्याची शक्यता फार कमी आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे. ‘टेस्ट’च्या बटणाने एवढंच सिद्ध झालं की तुम्ही, तुमच्या लॉगिनने, त्या खिडकीतून सर्व्हरपर्यंत पोहोचू शकता. जुना प्रोग्राम त्या खिडकीत राहत नाही आणि रात्रीची स्क्रिप्ट तुमच्या लॉगिनने चालत नाही. जो प्रोग्राम जोडायचा आहे तो कोणाच्या नावाने, किती बिटचा, कोणत्या मशीनवर चालतो हे आधी ठरवायचं आणि टेस्ट तिथूनच घ्यायची. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

आधी दोन मिनिटं रचनेवर घालवू, कारण ती डोक्यात बसली की अर्धे एरर वाचूनच उलगडतात. ओडीबीसी १९९२ मध्ये आलं. तेव्हापासून मांडणी तीच आहे: प्रोग्राम ड्रायव्हरशी थेट कधीच बोलत नाही. मध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ नावाचा एक मध्यस्थ असतो. विंडोजमध्ये तो सिस्टिमबरोबरच येतो. लिनक्सवर सहसा यूनिक्सओडीबीसी नावाचं वेगळं पॅकेज असतं. प्रोग्राम मॅनेजरला नाव सांगतो, मॅनेजर आपल्या नोंदवहीत त्या नावाचा ड्रायव्हर शोधतो, त्याची फाइल मेमरीत चढवतो, मग तो ड्रायव्हर नेटवर्कवरून सर्व्हरला गाठतो. नोंदवही म्हणजे विंडोजमध्ये रजिस्ट्री आणि लिनक्सवर दोन साध्या टेक्स्ट फाइली. ड्रायव्हर इन्स्टॉल करणं म्हणजे फाइल डिस्कवर ठेवणं अधिक नोंदवहीत नाव लिहिणं. क्लाउड वगैरे सगळं याच्या पुढे. तुमचे दोन्ही प्रश्न त्याच्या अलीकडेच अडले आहेत. पाकीट अजून घराबाहेरही पडलेलं नाही.

हे मी कशावरून म्हणतो? एररच्या सुरुवातीच्या चौकटी कंसांवरून. ओडीबीसीचा निरोप कंसांनी सुरू होतो आणि बहुतेक लोक ते ओलांडून थेट इंग्रजी वाक्याकडे जातात. खरी माहिती कंसांतच असते. दुसऱ्या कंसात ‘ओडीबीसी ड्रायव्हर मॅनेजर’ लिहिलं असेल तर बोलणारा मॅनेजर आहे, म्हणजे ड्रायव्हर अजून उठलेलाच नाही. ‘ओडीबीसी ड्रायव्हर १८ फॉर एसक्यूएल सर्व्हर’ असेल तर ड्रायव्हर सापडला, चढला आणि त्याला पुढे काहीतरी अडलं. त्यापुढे तिसऱ्या कंसात ‘एसक्यूएल सर्व्हर’ दिसलं तर आनंद माना: नेटवर्क, फायरवॉल, एनक्रिप्शन बहुधा पार झालं आणि प्रत्यक्ष सर्व्हर तुम्हाला नकार देतो आहे. निरोप किती लांब जाऊन परत आला हे त्यातून कळतं.

कंसांबरोबर पाच अक्षरांचा एक कोड असतो, त्याला एसक्यूएलस्टेट म्हणतात. आयएम००२ म्हणजे नाव सापडलं नाही. आयएम०१४ म्हणजे ड्रायव्हर आणि प्रोग्राम यांचे बिट जुळत नाहीत. ०८००१ म्हणजे सर्व्हरशी जोडणी झाली नाही. २८००० म्हणजे ओळख पटली नाही. एचवायटी०० म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली. एवढे पाच ओळखता आले तरी रोजचं काम भागतं.

आता तुमचा जुना प्रोग्राम. माझी जवळजवळ खात्री आहे की तो ३२ बिटचा आहे आणि तुमचा एक्सेल ६४ बिटचा. तपासायला सोपं आहे: प्रोग्राम चालू ठेवा, टास्क मॅनेजर उघडा, ‘डिटेल्स’मध्ये जाऊन ‘प्लॅटफॉर्म’ हा रकाना चालू करा. एक्सेलचं ‘अकाउंट’मधल्या ‘अबाउट एक्सेल’मध्ये लिहिलेलं असतं. ६४ बिट विंडोजमध्ये ओडीबीसीच्या दोन स्वतंत्र नोंदवह्या असतात, ३२ची वेगळी आणि ६४ची वेगळी, आणि त्या भरायचे ॲडमिनिस्ट्रेटरही दोन. दोघांच्या फाइलचं नाव एकच, ओडीबीसीएडी३२. त्यातला ६४ बिटवाला ‘सिस्टिम३२’ फोल्डरमध्ये असतो आणि ३२ बिटवाला ‘सिसवाव६४’मध्ये. नाही, मी उलटं लिहिलेलं नाही. जुन्या प्रोग्रामांची मोडतोड होऊ नये म्हणून फोल्डरचं नाव तेच ठेवलं गेलं आणि हा घोळ कायमचा मानगुटीवर बसला. नवीन विंडोजमध्ये स्टार्टमध्ये शोधलंत तर ‘ओडीबीसी डेटा सोर्सेस’ पुढे ३२ बिट आणि ६४ बिट अशा दोन नोंदी दिसतात, त्या वापरा, म्हणजे फोल्डर आठवावं लागणार नाही.

तुम्ही ६४ बिटच्या खिडकीत सिस्टिम डीएसएन (मशीनवरच्या सगळ्या खात्यांना दिसणारा) बनवला. ३२ बिटचा प्रोग्राम स्वतःच्या वहीत पाहतो, तिथे ते नावच नाही. मायक्रोसॉफ्टचा ६४ बिटचा इन्स्टॉलर ३२ बिटचा ड्रायव्हरही बरोबर टाकतो, त्यामुळे तुम्हाला नव्याने काही इन्स्टॉल करायचं नाही. फक्त ३२ बिटच्या खिडकीत तोच डीएसएन त्याच नावाने दुसऱ्यांदा बनवायचा. सगळे ड्रायव्हर असे जोडीने येत नाहीत. काहींचे दोन वेगळे इन्स्टॉलर असतात आणि प्रोग्रामच्या बिटप्रमाणे टाकावे लागतात, विंडोजच्या बिटप्रमाणे नाही. ‘माझं विंडोज ६४ आहे म्हणून ६४चा टाकला’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पहिला प्रश्नच तो विचारतो.

तेवढ्याने न सुटल्यास दुसरी शक्यता युजर डीएसएनची. युजर डीएसएन फक्त ज्याने बनवला त्याच्या लॉगिनखाली दिसतो. प्रोग्राम विंडोज सर्व्हिस म्हणून, टास्क शेड्युलरमधून किंवा वेब सर्व्हरच्या ॲप्लिकेशन पूलमध्ये चालत असेल तर तो वेगळ्या खात्याने चालतो आणि त्याला तुमचा युजर डीएसएन दिसत नाही. पॉवर बीआयचा गेटवे असाच सर्व्हिस आहे: डेस्कटॉपवर रिफ्रेश होतं आणि पहाटेचं ठरवलेलं रिफ्रेश पडतं, त्यामागे बरेचदा हेच कारण निघतं. माणसाव्यतिरिक्त कोणीही वापरणार असेल तर सिस्टिम डीएसएनच बनवायचा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर प्रोग्राममध्ये तशी सोय असेल तर डीएसएनच्या भानगडीत पडूच नका. पूर्ण कनेक्शन स्ट्रिंग द्या: ड्रायव्हरचं नाव, सर्व्हर, डेटाबेस, ओळख पटवण्याची पद्धत. मग एक नोंद कमी, मशीन बदललं की एक काम कमी, आणि कोणत्या खिडकीत काय लिहिलं हे आठवत बसायला नको. जुन्या प्रोग्रामांत डीएसएनचं नाव आतच कोरलेलं असतं, तिथे इलाज नसतो. स्ट्रिंग लिहिताना दोन ठिकाणी लोक ठेचकाळतात. एक, ड्रायव्हरचं नाव अक्षरन् अक्षर तेच हवं, मधल्या रिकाम्या जागांसकट, महिरपी कंसात. विंडोजबरोबर फुकट येणारा ‘एसक्यूएल सर्व्हर’ एवढ्याच नावाचा एक फार जुना ड्रायव्हर असतो. यादीत तो वर दिसतो म्हणून निवडला जातो आणि मग नवीन ओळख पद्धती चालत नाहीत म्हणून डोकं धरून बसावं लागतं. तो घेऊ नका. दोन, पासवर्डमध्ये अर्धविराम असेल तर स्ट्रिंग तिथेच तुटते. पासवर्ड महिरपी कंसात गुंडाळा, आणि पासवर्डमध्येच बंद होणारा महिरपी कंस असेल तर तो दोनदा लिहा. पासवर्ड बरोबर असूनही २८००० येत असेल तर हे आधी बघा.

आता लिनक्स. ‘फाइल नॉट फाउंड’ हा इथला सगळ्यात फसवा निरोप आहे, कारण नसलेली फाइल बहुधा ती नसतेच. ड्रायव्हरची फाइल असते, पण तिला चालायला लागणारी दुसरी एखादी लायब्ररी (तयार कोडची फाइल) नसते, आणि यूनिक्सओडीबीसी मात्र नाव घेतो ड्रायव्हरचं. ड्रायव्हरच्या पूर्ण पाथवर एलडीडी ही कमांड चालवा. तिच्या यादीत ज्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ दिसेल ती खरी हरवलेली लायब्ररी. अनेकदा ओपनएसएसएल (एनक्रिप्शनची) किंवा कर्बेरॉसची (ओळख पटवण्याची) निघते. ते पॅकेज टाकलं की ड्रायव्हर उठतो. स्क्रिप्ट कंटेनरमध्ये (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधलेल्या डब्यात) चालत असेल आणि कंटेनर अल्पाइन या छोटेखानी लिनक्सवर उभा असेल तर आणखी एक खड्डा आहे: अल्पाइनची मूळ सी लायब्ररी वेगळी असते, बहुतेक लिनक्सवर असते ती ग्लिबसी नसते, त्यामुळे डेबियन या दुसऱ्या लिनक्ससाठी बांधलेली फाइल तिथे कॉपी करून काम होत नाही. अल्पाइनसाठीचं वेगळं पॅकेज घ्या, किंवा सरळ डेबियनवर आधारलेला कंटेनर घ्या. जागा थोडी जास्त जाते, पण तुमची संध्याकाळ वाचते.

नोंदवहीचा प्रश्न इथेही आहेच. ओडीबीसीइन्स्ट ही कमांड ‘वजा जे’ पर्यायासह चालवली की मॅनेजर ड्रायव्हरांची यादी कुठल्या फाइलमधून वाचतो आणि डीएसएन कुठून, हे तो स्वतःच छापतो. मी प्रत्येक नवीन मशीनवर पहिली हीच कमांड चालवतो. पण ती तुमच्या लॉगिनने चालवून उपयोग नाही, ज्या युजरने स्क्रिप्ट चालते त्याच्या नावाने चालवा. क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या लिनक्सच्या सोयीतून) चालणाऱ्या कामाला तुमच्या टर्मिनलमधले एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (तिथे ठरवलेली सेटिंगं) मिळत नाहीत. तुम्ही प्रोफाइलमध्ये ओडीबीसीची फाइल वेगळ्या जागी दाखवली असेल तर क्रॉनला ते माहीतच नसतं. कोंडासारखी पायथॉनची वितरणं स्वतःचाच यूनिक्सओडीबीसी घेऊन येतात आणि तो स्वतःच्याच फोल्डरातल्या फाइली वाचतो, मग सिस्टिमवर केलेल्या नोंदी त्याला दिसत नाहीत. पायओडीबीसीमध्ये (पायथॉनला ओडीबीसीशी जोडणाऱ्या लायब्ररीत) ‘ड्रायव्हर्स’ हे फंक्शन आहे. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ते छापा. यादी रिकामी आली तर क्लाउडचा विचार करायची अजून वेळच आलेली नाही.

मॅकवर काम करणाऱ्यांसाठी एवढंच: ॲपलच्या नव्या चिपवर होमब्रू (सॉफ्टवेअर टाकण्याचं साधन) वेगळ्या फोल्डरमध्ये बसतं आणि इंटेलच्या मॅकवर वेगळ्या. एका प्रकारचा पायथॉन आणि दुसऱ्या प्रकारचा ड्रायव्हर असं मिश्रण झालं की वरचाच ‘कान्ट ओपन लिब’ दिसतो.

ड्रायव्हर उठला की मग खरा क्लाउड सुरू होतो, आणि पहिलं घोडं फायरवॉलवर अडतं. कनेक्शन स्ट्रिंगशी खेळत बसण्याआधी पोर्ट (सर्व्हरचं ठरावीक क्रमांकाचं दार) उघडा आहे का बघा. विंडोजवर पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन, लिनक्सवर एनसी, दोन्हींना सर्व्हरचं पूर्ण नाव आणि पोर्ट द्यायचा. एसक्यूएल सर्व्हरचा १४३३, पोस्टग्रेसचा ५४३२, मायएसक्यूएलचा ३३०६, रेडशिफ्टचा ५४३९. स्नोफ्लेक, बिगक्वेरी, डेटाब्रिक्स हे क्लाउड डेटाबेस ४४३वरून (सुरक्षित वेबसाइटांच्या पोर्टवरून) जातात, म्हणून ऑफिसच्या फायरवॉलमधून ते सहज सुटतात आणि १४३३ अडतो. पोर्ट उघडा असून अझूरने नाकारलं तर एरर क्रमांक ४०६१५ येतो आणि त्या निरोपात तुमचा बाहेरून दिसणारा आयपीही लिहिलेला असतो. तोच सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये घालायचा. स्वतःच्या मशीनवर पाहिलेला घरगुती आयपी नाही. एक कमी माहीत असलेली गोष्ट: तुमचा लिनक्स सर्व्हर जर अझूरच्या आतच असेल तर मूळ सेटिंगप्रमाणे सुरुवातीची ओळख १४३३वर होते आणि पुढचं बोलणं ११००० ते ११९९९ या पोर्टांवर वळवलं जातं. बाहेर जाण्यासाठी फक्त १४३३ उघडा ठेवला असेल तर बाहेरच्या लॅपटॉपवरून जोडणी होते आणि अझूरच्या आतून होत नाही, असा उलटा चमत्कार दिसतो.

प्रायव्हेट एंडपॉइंट (डेटाबेसला तुमच्याच खासगी नेटवर्कमध्ये दिलेला पत्ता) वापरत असाल तर एनएसलुकअप (नावाचा आयपी सांगणारी कमांड) करून बघा. नावाचं उत्तर खासगी आयपी यायला हवं. सार्वजनिक आयपी येत असेल तर डीएनएसमध्ये (नावावरून आयपी देणाऱ्या यंत्रणेत) पाणी मुरतंय, ड्रायव्हरमध्ये नाही.

आता एनक्रिप्शन, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथे दिला जाणारा सल्ला बहुतेक वेळा वाईट असतो. ड्रायव्हर १८ हा २०२२ मध्ये आला आणि त्याने एक मूळ सेटिंग बदललं: १७पर्यंत एनक्रिप्शन मागितलं तरच व्हायचं, १८मध्ये ते न मागताही चालू असतं. एनक्रिप्शन आलं की ड्रायव्हर सर्व्हरचं प्रमाणपत्रही तपासतो. त्यामुळे १७वर चालणारी स्ट्रिंग १८वर ‘सर्टिफिकेट चेन’च्या एररने पडते. उपाय म्हणून सगळीकडे एकच सांगितलं जातं, ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ला ‘येस’ द्या. दिलं की जोडणी होते, खरंच होते. पण त्याचा अर्थ समोर कोणीही उभा राहिला तरी त्याला माझा सर्व्हर समजा असा होतो. ऑफिसमधल्या, स्वतः सही केलेलं प्रमाणपत्र वापरणाऱ्या चाचणीच्या सर्व्हरसाठी एक वेळ ठीक. इंटरनेटवरून क्लाउडला जाताना अजिबात नाही.

शिवाय अझूरकडे मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र असतं, ते नापास व्हायलाच नको. होत असेल तर कारण शोधा. कंटेनरमध्ये सीए-सर्टिफिकेट्स हे पॅकेजच नसतं, हे सर्वांत नेहमीचं. नाहीतर तुम्ही सर्व्हरच्या पूर्ण नावाऐवजी आयपी किंवा स्वतःच्या डीएनएसमध्ये ठेवलेलं टोपणनाव देता आणि प्रमाणपत्रावर ते नाव नसतं. ४४३वरून जाणाऱ्या ड्रायव्हरांच्या बाबतीत तिसरं कारणही असतं: ऑफिसचा प्रॉक्सी मध्येच एनक्रिप्शन उघडून तपासतो आणि स्वतःचं प्रमाणपत्र पुढे करतो. तेव्हा ऑफिसचं मूळ प्रमाणपत्र मशीनच्या विश्वासयादीत घालून घ्यावं लागतं. पोस्टग्रेसवाल्यांनी हेही ध्यानात ठेवा की तिथे ‘रिक्वायर’ म्हणजे फक्त एनक्रिप्शन. मूळ प्रमाणपत्राची फाइल दिलेली नसेल तर समोरचा खरा आहे की नाही हे तो पाहत नाही. त्यासाठी ‘व्हेरिफाय-फुल’ लिहावं लागतं.

ओळख पटवण्याबद्दल. माणूस समोर बसलेला असेल तर मायक्रोसॉफ्ट एंट्राचं (लॉगिन सांभाळणारी सेवा, २०२३पर्यंतचं नाव अझूर ॲक्टिव्ह डिरेक्टरी, ड्रायव्हरच्या पॅरामीटरांत अजून जुनंच नाव आहे) इंटरॲक्टिव्ह लॉगिन चांगलं, त्यात दुसऱ्या टप्प्याची पडताळणीही होते. पण रात्री दोन वाजता स्क्रिप्टसमोर कोण बसणार? तिथे सर्व्हिस प्रिन्सिपल (प्रोग्रामसाठीचं खातं), किंवा सर्व्हर अझूरमध्येच असेल तर मॅनेज्ड आयडेंटिटी (अझूर स्वतःच सांभाळतो ती ओळख). दुसऱ्या पद्धतीत पासवर्डच नसतो, त्यामुळे तो सांडायचा, चोरला जायचा किंवा मुदत संपायचा प्रश्नच येत नाही. अमेझॉनच्या आरडीएसवर (त्यांच्या क्लाउड डेटाबेस सेवेवर) आयएएमचं टोकन (पासवर्डऐवजीचा तात्पुरता परवाना) फक्त १५ मिनिटं चालतं. जोडलेली जोडणी त्यानंतरही टिकते, नवीन जोडणीला मात्र नवीन टोकन लागतं. एका कामात मी टोकन सुरुवातीला एकदाच घेऊन व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं. दिवसा चाचणीत सगळं छान. रात्री डेटा जास्त, पहिला टप्पा वीस मिनिटं चालला, दुसऱ्या टप्प्याने नवीन जोडणी मागितली आणि बंद. तीन रात्री मी नेटवर्कवाल्यांना दोष देत होतो.

साधा पासवर्डच वापरायचा असेल तर लिनक्सच्या डीएसएन फाइलमध्ये तो उघडा लिहू नका. लिहिलाच तर ती फाइल फक्त त्या युजरला वाचता येईल अशी ठेवा. आणि रिपोर्टच्या प्रोग्रामला ॲडमिनचं लॉगिन देऊ नका. वाचायचंच आहे ना, मग डीबी-डेटारीडर हा रोल पुरतो.

समजा आता सगळं जोडलं गेलं. चार-आठ दिवसांनी नव्या तक्रारी सुरू होतील, त्या आधीच सांगून ठेवतो. सकाळची पहिली जोडणी पडते आणि मिनिटभराने आपोआप लागते, क्रमांक ४०६१३: तुमचा डेटाबेस ‘सर्व्हरलेस’ प्रकारचा आहे आणि वापर नसल्याने झोपला होता. पहिल्या हाकेला तो जागा होतो, उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या हाकेला देतो. स्क्रिप्टमध्ये थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करण्याची सोय हवीच, आणि लॉगिनची मुदत १५ सेकंदांऐवजी ३० ठेवा. पण प्रयत्न सरसकट सगळ्या एररवर करू नका. चुकीच्या पासवर्डवर दहा वेळा दार ठोठावलं तर खातं लॉक होईल एवढंच.

दुसरी तक्रार, जोडणी बराच वेळ गप्प राहिली की मेलेली सापडते, कोड ०८एस०१. मधली उपकरणं शांत जोडण्या गुपचूप टाकून देतात: अझूरच्या लोड बॅलन्सरची मूळ मुदत ४ मिनिटं, अमेझॉनच्या नॅट गेटवेची ३५० सेकंद. उलट लिनक्स मूळ सेटिंगमध्ये ‘जिवंत आहेस ना’ हे विचारायला ७,२०० सेकंद, म्हणजे दोन तास घेतं. मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर लिनक्सवर हे स्वतःच ३० सेकंदांवर आणतो, पोस्टग्रेसचा आणत नाही. तिथे कीपअलाइव्हचा, म्हणजे हे विचारण्याचा, पॅरामीटर हाताने द्यावा लागतो.

तिसरी, ‘क्लाउड स्लो आहे’. मशीन स्लो नसतं, अंतर असतं. जाऊन येऊन २० मिलिसेकंद लागत असतील आणि तुमची स्क्रिप्ट १०,००० ओळी एकेक करून घालत असेल तर २०० सेकंद निव्वळ प्रवासात जातात. डेटाबेस शेजारच्या खोलीत होता तेव्हा हे कधी जाणवलंच नाही. पायओडीबीसीमध्ये ‘फास्ट एक्झिक्यूटमेनी’ चालू करा, ओळी गठ्ठ्याने जातात. वाचताना अख्खा तक्ता एक्सेलमध्ये ओढून मग गाळू नका, गाळणी सर्व्हरवरच लावा. बिगक्वेरीसारख्या ठिकाणी तर बिल चाळलेल्या डेटावर होतं, आणि साध्या तक्त्यावर ‘लिमिट १०’ लिहून चाळणं कमी होत नाही.

चौथी, देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं. रकाना एनव्हारचार (युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांचा मजकूर साठवणारा प्रकार) नसेल तर मजकूर साठवतानाच बिघडला आहे, ड्रायव्हर बदलून तो परत येणार नाही. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसचे ड्रायव्हर युनिकोड आणि अँसी अशा दोन प्रकारांत येतात, तिथे युनिकोडच निवडा. याला एक उलटी बाजू आहे: पायओडीबीसी प्रत्येक मजकूर युनिकोड म्हणून पाठवतं, आणि समोरचा रकाना साधा व्हारचार असेल तर इंडेक्स असूनही सर्व्हर सगळा तक्ता चाळत बसू शकतो. एसएसएमएसमध्ये (एसक्यूएल सर्व्हर हाताळण्याच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राममध्ये) क्षणात येणारी क्वेरी स्क्रिप्टमधून मिनिटभर लागत असेल तर क्वेरीतच त्या पॅरामीटरला व्हारचारमध्ये कास्ट करून (त्याचा प्रकार बदलून) बघा.

एवढं करूनही अडलात तर पुढच्या वेळी हे पाठवा: कंसांसकट पूर्ण एरर, प्रोग्राम किती बिटचा आणि कोणत्या खात्याने चालतो, लिनक्सवर त्याच खात्याने घेतलेलं ओडीबीसीइन्स्टचं उत्तर, आणि पासवर्ड खोडलेली कनेक्शन स्ट्रिंग. ओडीबीसीचा ट्रेस चालू करून त्याची फाइलही घेता येते, पण ती शेवटी. तिने सगळं भयंकर मंदावतं, आणि कधीकधी तिच्यात कनेक्शन स्ट्रिंग जशीच्या तशी उतरते. पाठवण्याआधी फाइल चाळून घ्या आणि काम झालं की ट्रेस बंद करा. मी एकदा तो शुक्रवारी चालू ठेवून घरी गेलो होतो. सोमवारी डिस्क भरलेली होती.